उंचीला भाव

नागपूरच्या माणसाला सारस पाहायचा तर गोंदियाची वाट धरावी लागते. महाराष्ट्रात हा पक्षी उरलाय तो तिकडे, धानाच्या पट्ट्यात. सोमवारी मग ऑफिसात फोटो फिरतात: मान-डोकं लालभडक, उंची जवळजवळ माणसाएवढी, नर पंख उचलून हाक देतोय अन् मादी त्यात सूर मिसळतेय. जोडी जन्मभर टिकते असं कळलं की बायामाणसं फोटो पुढे पाठवतात. कीटकनाशकं, विजेच्या तारा, बुजणारी तळी यांनी त्याला धोक्याच्या यादीत बसवलं, याची हळहळही खरीच असते.

माझं मन मात्र सध्या एका पतंगावर बसलंय. तो आपल्याकडचा नाही, हवाई बेटांवरचा. नाव ब्लॅकबर्न्स स्फिंक्स मॉथ. पोटाच्या दोन्ही कडांना नारिंगी ठिपके. ते सोडले तर सगळा राखाडी कारभार. 1970च्या दशकात तो संपलाच असं धरलं होतं. 1984 साली माउई बेटावर पुन्हा सापडला आणि 2000 साली अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत गेला. त्याच्या अळीचं मूळचं झाड 'आयेआ'. ते कमी झालं तशी अळी दक्षिण अमेरिकेतून आलेल्या रानतंबाखूवर जगायला शिकली. आता ही उपरी तंबाखू उपटायची तरी आधी पानापानावर अळी शोधावी लागते! आमच्या टपरीवर पन्नीत खर्रा घोटणाऱ्याला हे सांगितलं. घोटणं न थांबवता तो म्हणाला, "पाहा भाऊ, तंबाखूनं कोनाचं भलं बी होते."

सारसाचं तरी काय वेगळं? पावसाळ्यात शेतकऱ्याच्या बांधीत गवताचा ढीग रचतो, त्यात बहुधा दोन अंडी. तेवढं धान गेलंच म्हणायचं. दोघंही माणसानं लावलेल्या, आणलेल्या गोष्टींवर तगलेले. फरक इतकाच, की सारस दुरून दिसतो. पतंगाचा कोष कधी कधी वर्षभर मातीत पडून राहतो. माती बघायला गाडी कोण काढणार?

मी काढली असती, पण हवाईला गाडी जात नाही. बायकोजवळ हा विषय काढला तर ती म्हणाली, "तिकिटाचं मग पाहू, आधी ट्यूबलाइटखालचे हे तुमचे पाहुणे झाडून काढा."