संकरित जातीच्या पिल्लाची लस: किल्ड की लाइव्ह, आणि मग वेळापत्रक कोणतं?

बेंगाल, सॅव्हाना किंवा चॉसीचं पिल्लू घेतलं की कागदपत्रांत ब्रीडरची एक सूचना बहुतेक वेळा असतेच: ‘फक्त किल्ड लस द्या, लाइव्ह देऊ नका, ल्युकेमियाची तर अजिबात नको.’ व्हेटकडे गेलं की फ्रीजमधून निघते ती मात्र लाइव्ह लस. मालक मध्ये अडकतो, कोणाचं तरी एकाचं ऐकतो आणि विषय संपला असं समजतो. पण लसीचा प्रकार बदलला की वेळापत्रकही बदलावं लागतं. किल्ड लस लाइव्हच्या वेळापत्रकाने टोचली तर कार्डावर ‘लसीकरण पूर्ण’ आणि पिल्लू प्रत्यक्षात उघडं, असं होऊ शकतं.

आधी ब्रीडरच्या भीतीबद्दल, कारण ती अगदीच निराधार नाही. लाइव्ह लसीतला विषाणू जिवंत असतो, फक्त दुबळा केलेला; किल्ड लसीतला मारलेला असतो. लाइव्ह लसीतला विषाणू किती दुबळा असावा हे पाळीव प्राण्यांवर पारखून ठरवलेलं असतं. वन्य प्रजातीला तेवढा दुबळेपणा पुरेल याची खात्री नसते. कुत्र्यांसाठी बनवलेल्या डिस्टेंपर या विषाणूजन्य आजाराच्या लाइव्ह लसीने रेड पांडा आणि ब्लॅक-फूटेड फेरेट या प्राण्यांना प्रत्यक्ष डिस्टेंपर झाल्याची उदाहरणं आहेत. म्हणूनच प्राणिसंग्रहालयांत मार्जारकुळातल्या वन्य प्राण्यांसाठी किल्ड लस पसंत करतात. सॅव्हानाच्या मुळाशी सर्व्हल आहे, बेंगालच्या मुळाशी एशियन लेपर्ड कॅट आणि चॉसीच्या मुळाशी रानमांजर. ब्रीडर लोकांनी तोच नियम पुढे चालवला.

पण पिढी बघा. दर पिढीला दुसरा पालक पाळीव मांजर धरला तर एफ१ मध्ये, म्हणजे वन्य पूर्वजाच्या थेट पिल्लांत, वन्य रक्त ५० टक्के, एफ२ मध्ये २५, एफ३ मध्ये १२.५ आणि एफ४ मध्ये सव्वासहा टक्के. आज घरोघरी दिसणारे बेंगाल तर वन्य पूर्वजापासून कितीतरी पिढ्या दूर आलेले असतात. आमचं मत सरळ आहे: एफ१ ते एफ३ साठी किल्ड लसीचा आग्रह धरणं समजण्यासारखं आहे. एफ४ पासून पुढे, आणि कागदावर ‘एसबीटी’ (स्टड बुक ट्रॅडिशन, म्हणजे मागच्या किमान तीन पिढ्या त्याच जातीच्या) लिहिलेल्या मांजरासाठी, ते पिल्लू साध्या मांजरासारखंच धरावं आणि लाइव्ह लस घ्यावी. अर्थात करारात ‘लाइव्ह लस दिल्यास आरोग्याची हमी रद्द’ असं कलम असेल, तर पहिल्या टोचणीआधीच ब्रीडरकडून लेखी उत्तर घ्या. नंतरच्या वादात तोंडी परवानगीला किंमत नसते.

आता वेळापत्रक. पिल्लाला आईच्या पहिल्या चिकातून, जन्मानंतरच्या साधारण पहिल्या दिवसातच, तयार प्रतिपिंडं मिळतात. ती पिल्लाला वाचवतात, आणि तीच लसही निकामी करतात. ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं: कुणाची आठव्या आठवड्यात, कुणाची सोळाव्यानंतर. म्हणून तिहेरी लस, म्हणजे पॅनल्युकोपेनिया (मांजरांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार), हर्पिस आणि कॅलिसी (मांजरांच्या सर्दीचे विषाणू) यांची, सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून दर ३-४ आठवड्यांनी देतात, आणि शेवटचा डोस सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतरच असावा लागतो. याला ‘तीन डोसांचा कोर्स’ म्हणणं घातक आहे. सहा, नऊ आणि बारा आठवड्यांना तीन टोचण्या झाल्या तरी त्या तिन्ही आईच्या प्रतिपिंडांनी गिळलेल्या असू शकतात. डोस मोजू नका, शेवटच्या डोसचं वय बघा.

किल्ड लसीचा फरक इथेच पडतो. लाइव्ह लसीतला पॅनल्युकोपेनियाचा विषाणू शरीरात वाढतो, त्यामुळे आईची प्रतिपिंडं ओसरल्यावर पडलेला एकच डोस बहुधा पुरतो. किल्ड लसीतला विषाणू वाढत नाही. तिचा पहिला डोस फक्त ओळख करून देतो आणि खरं संरक्षण दुसऱ्या डोसनंतर उभं राहतं. म्हणजे आईच्या प्रतिपिंडांचा अडथळा संपल्यावर तिचे *दोन* डोस पडायला हवेत, ३-४ आठवड्यांच्या अंतराने. एखाद्या पिल्लाची प्रतिपिंडं चौदाव्या आठवड्यापर्यंत टिकली, तर सोळाव्या आठवड्याचा किल्ड डोस हा त्याचा खऱ्या अर्थाने पहिला डोस ठरतो. तिथेच थांबलात तर काम अर्धवट राहिलं. म्हणून किल्ड निवडलीत तर ८, १२, १६ आणि २० आठवडे असं धरा, आणि विसाव्या आठवड्यानंतर आणखी दहा-बारा दिवस जाईपर्यंत पिल्लाला अनोळखी मांजरांत मिसळू देऊ नका. दोन किल्ड डोसांमध्ये सहा आठवड्यांहून जास्त खंड पडला तर आधीचा डोस विसरून जोडी पुन्हा सुरू करणंच बरं.

बूस्टर पूर्वी वर्षाने देत. आताच्या मार्गदर्शनात तो सहा महिन्यांच्या वयातच द्या असा कल आहे, कारण सोळाव्या आठवड्यालाही ज्यांची लस लागू पडली नाही अशी थोडी पिल्लं त्यात सापडतात. वर्षभर ती पिल्लं उघडी ठेवण्यात काही अर्थ नाही. त्यापुढे लाइव्ह लस घेतलेल्या, घरातच राहणाऱ्या मांजराला तिहेरी लस दर तीन वर्षांनी पुरते. किल्ड लसीचं पुढचं अंतर तिच्या माहितीपत्रकाप्रमाणेच ठेवावं.

एफ१-एफ२ च्या मालकांना दर वेळी आणखी एक डोस नको वाटत असेल, तर शेवटच्या डोसनंतर चार आठवड्यांनी रक्तातली प्रतिपिंडं तपासून घेता येतात. पॅनल्युकोपेनियासाठी ही तपासणी विश्वासार्ह आहे: प्रतिपिंडं सापडली तर संरक्षण आहे. हर्पिस आणि कॅलिसीच्या आकड्यांवर मात्र विसंबू नका, त्यांचा आणि प्रत्यक्ष संरक्षणाचा संबंध तितका पक्का नाही. तसंही या दोघांची लस आजार रोखण्यापेक्षा तो सौम्य करते.

आता लेबलं. नोबिव्हॅक ट्रायकॅट ट्रायो आणि फेलोसेल ३ या लाइव्ह आहेत. फेल-ओ-व्हॅक्स पीसीटी आणि बायोफेल पीसीएच या किल्ड. खरा घोळ ‘प्युरव्हॅक्स’ नावाचा होतो. प्युरव्हॅक्सची रेबीज आणि ल्युकेमियाची लस रिकॉम्बिनंट आहे: त्यात कॅनरीपॉक्स हा पक्ष्यांचा विषाणू वाहक म्हणून वापरलेला असतो, तो सस्तन प्राण्यांच्या पेशींत वाढत नाही आणि लसीत मांजराचा कोणताही जिवंत विषाणू नसतो. एफ१ पिल्लालाही ती चालावी असंच तिचं गणित आहे. पण त्याच नावाच्या तिहेरी लसीत पॅनल्युकोपेनियाचा घटक लाइव्ह असतो. ‘प्युरव्हॅक्स म्हणजे सुरक्षित’ असं ऐकून तिहेरी घेतलीत, तर नेमकं जे टाळायचं होतं तेच टोचलं जाईल. नाव वाचून थांबू नका, कुपीवर प्रत्येक घटकापुढे काय लिहिलंय ते वाचा.

ल्युकेमियाच्या लसीबद्दल एक लाडका समज आहे: एशियन लेपर्ड कॅटला ल्युकेमियाचा विषाणू बाधत नाही, म्हणून बेंगालला लस नको. या समजाला इतिहास आहे. १९७०च्या दशकात विलार्ड सेंटरवॉल यांनी याच प्रतिकारशक्तीच्या अभ्यासासाठी असे संकर केले होते, आणि त्यांतली काही पिल्लं पुढे बेंगाल जातीच्या पायाशी आली. पण आजच्या बेंगालला हा विषाणू होत नाही असं धरून चालायला कोणताही आधार नाही. वर्षाच्या आतलं पिल्लू या विषाणूला सगळ्यात जास्त बळी पडतं. आधी रक्ताची चाचणी करा. निगेटिव्ह असेल तर आठव्या आठवड्यानंतर दोन डोस, ३-४ आठवड्यांच्या अंतराने. कधीच बाहेर न जाणाऱ्या आणि दुसरं मांजर घरात नसलेल्या पिल्लासाठी पुढच्या वर्षी ही लस चालू ठेवावी का, याचा पुन्हा विचार करता येतो.

रेबीज बारा आठवड्यांनंतर. इथे संकरित मांजराच्या मालकाला एक गोष्ट माहीत असलीच पाहिजे. अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्य पशुवैद्यकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या २०१६च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलंय की वन्य प्राणी आणि त्यांचे संकर यांच्यासाठी टोचून देण्याची एकही रेबीज लस परवानाधारक नाही. लस काम करत नाही असा याचा अर्थ नव्हे. पण मांजराने कुणाला चावलं तर साध्या मांजराला लागू असलेला दहा दिवसांच्या निरीक्षणाचा (तेवढे दिवस रेबीजची लक्षणं दिसतात का हे पाहण्याचा) नियम एफ१ ला मिळेलच याची शाश्वती नाही. लस तरीही द्याच, आणि एफ क्रमांक कागदावर कसा लिहिला जातोय याकडे लक्ष ठेवा. मायक्रोचिप रेबीजच्या लसीआधी बसवा. युरोपीय संघात न्यायचं झालं तर चिपच्या आधी दिलेली रेबीज लस धरतच नाहीत, आणि लसीनंतर २१ दिवस थांबावं लागतं ते वेगळंच.

बाकीच्यांत वेळ घालवू नका. एफआयपीची (मांजरांच्या कोरोनाविषाणूपासून होणाऱ्या आजाराची) लस सोळा आठवड्यांनंतर देतात, तोवर बहुतेक पिल्लांचा कोरोनाविषाणूशी संबंध येऊन गेलेला असतो. ती नकोच. क्लॅमिडिया आणि बोर्डेटेला या जिवाणूंची लस फक्त अनेक मांजरांच्या घरात, तेही तिथे आधी त्रास झालेला असेल तरच.

टोचणीच्या दिवशी पिल्लू खातंपितं हवं, ताप नको. ३९.२ अंशांच्या वर तापमान असेल तर पुढची तारीख घ्या. डोस वजनावर ठरत नाही. ‘लहान आहे, अर्धा द्या’ म्हणजे वाया गेलेला डोस. दोन वेगवेगळ्या लसी एका सिरिंजमध्ये मिसळू नयेत. लसी २ ते ८ अंशांत ठेवलेल्या असाव्यात. गोठलेली किल्ड लस फेकूनच द्यावी लागते. पावडरची लाइव्ह लस द्रवात मिसळली की तासाभरात टोचली पाहिजे. लाइव्ह लसीचा थेंब केसांवर सांडला तर लगेच पुसून घ्या. पिल्लाने तो चाटला तर त्यातला हर्पिस किंवा कॅलिसी नाकातोंडावाटे जाऊन शिंका आणि तोंडातले फोड आणू शकतो.

जागाही महत्त्वाची. मांजरांत क्वचित टोचणीच्या जागी सार्कोमा (कर्करोगाची गाठ) होतो. किल्ड लसींत बहुधा अॅडज्युव्हंट (लसीचा परिणाम वाढवणारा घटक) घातलेला असतो आणि त्याने होणाऱ्या दाहावर संशय आहे, हे किल्डच्या आग्रहाचं दुसरं टोक. खांद्यांच्या मध्ये टोचू देऊ नका, तिथला गाठीचा भाग काढणं फार अवघड. तिहेरी पुढच्या उजव्या पायात कोपराखाली, रेबीज मागच्या उजव्या पायात गुडघ्याखाली, ल्युकेमिया मागच्या डाव्या पायात गुडघ्याखाली, अशी पद्धत आहे. छोटी गाठ येते आणि जिरते. ती तीन महिन्यांनंतरही राहिली, दोन सेंटिमीटरहून मोठी झाली किंवा महिन्यानंतरही वाढत राहिली, तर तुकडा तपासायला पाठवा.

टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसा. उलट्या, चेहऱ्यावर सूज, धाप, पांढऱ्या हिरड्या यांपैकी काही दिसलं तर तिथेच इलाज होतो. एक-दोन दिवस सुस्ती आणि किंचित ताप चालतो. त्या तापाला पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. मांजराला ते विष आहे, अगदी थोडं असलं तरी.

कार्डावर कुपीचं स्टिकर चिकटवून घ्या: नाव, बॅच क्रमांक, मुदत. शेजारी कोणत्या पायात टोचली, त्या दिवशी वय किती आठवडे होतं आणि लस किल्ड, लाइव्ह की रिकॉम्बिनंट, हे पेनाने लिहून घ्या. ब्रीडरने स्वतः टोचलेल्या डोसचं स्टिकर नसेल तर तो डोस झालाच नाही असं धरून पुढची तारीख ठरवा.