तुम्ही विचारलंत म्हणून : कढण किती पातळ?

जुलै उजाडला की मला हमखास विचारणा होते : "पोट जड झालंय, आयुर्वेदिक सूप कुठलं घेऊ?" वडील वैद्य होते, एवढंच माझं भांडवल. मी स्वतः जन्मभर बँकेत आकडे जुळवले. तरी लोक विचारतात, तर सांगते.

आधी शब्दाचं बघू. संस्कृतात सूप म्हणजे शिजवलेली डाळ, म्हणून स्वयंपाकी तो सूपकार. धान्य पाखडायचं आपलं सूप निराळं, ते शूर्पावरून आलेलं. तुम्हाला हवं असतं त्याला ग्रंथांत यूष म्हणतात आणि आपल्या घरात कढण.

बाबा 'कुठलं' याच्या आधी 'किती पातळ' ते ठरवायचे. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार शार्ङ्गधर, त्यानं तांदळाची विलेपी (दाट पेज) चौपट पाण्यात, यवागू (त्याहून सैल पेज) सहापट आणि मंड चौदापट पाण्यात सांगितला आहे. भूक नावालाही नसेल तर मंड, म्हणजे वरचं निवळ तेवढंच. पंचकर्मानंतर, म्हणजे शरीरशुद्धीच्या उपचारांनंतर, माणसाला जेवणावर आणायचं तेही असंच पायरीपायरीनं : पेया (पातळ पेज), विलेपी, मग यूष. यूषही आधी अकृत, म्हणजे तूप-मीठ-मसाल्याविना, आणि मग कृत. आपण पहिल्याच दिवशी लोणी सोडलेलं, कॉर्नफ्लॉवरनं दाट केलेलं वाडगंभर पितो आणि वर म्हणतो, आज हलकंच घेतलं.

पावसाळ्यात अग्नी, म्हणजे पचनशक्ती, मंदावतो, म्हणून मूग. शेंगेतल्या धान्यांत पथ्याला चरकानं मुगालाच पहिला मान दिला आहे. आमच्याकडची रीत अशी : अर्धी वाटी सालासकट मूग मंद आचेवर भाजायचे, वास सुटेपर्यंतच, करपवायचे नाहीत. सात वाट्या पाणी घालून मूग फुटून मऊ होईपर्यंत शिजवायचे, रवीनं घोटायचे, गाळायचे. चिमूटभर सुंठ, सैंधव, एखादं आमसूल. वरून तुपात जिरं-हिंगाची फोडणी. बाबांचा कुकरला विरोध नव्हता, पण भाजायचा कंटाळा केला की चव घेताच ओळखायचे. "हे कढण नव्हे, मुगाचं पाणी," म्हणून वाटी बाजूला. (गाळून उरलेला चोथा मी थालीपिठात ढकलते. ते त्यांना कधी सांगितलं नाही.)

कुळथाचं प्रकरण वेगळं. कुळीथ उष्ण, कफ-वातावर चालणारा. थंडीत छाती भरलेली असताना लसणीची फोडणी दिलेलं कुळथाचं कढण मलाही आवडतं. पण एकदा ह्यांची सर्दी हटेना म्हणून ऐन ऑक्टोबरात मी ते सलग आठवडाभर रोज दिलं. सर्दी गेली आणि छातीत जी जळजळ सुरू झाली ती दिवाळीच्या फराळापर्यंत पुरली. बाबांना फोन केला तर ते हसलेच. "औषध नाही चुकलं, महिना चुकला." शरदात पित्त आधीच उसळलेलं असतं, त्यात मी कुळीथ ओतत होते. कुळीथ आणि दूध एकत्र घेणं वाग्भट या जुन्या ग्रंथकारानं विरुद्ध ठरवलंय, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. कोकणात कुळथाच्या सारात पडतं ते नारळाचं दूध, त्यामुळे मालवणकरांनी घाबरू नये.

पाकिटातल्या पावडरींबद्दलही विचारता. पाकीट उलटं करून वाचा. साखर आणि स्टार्च वरच्या ओळीत असेल तर त्यात मूग नावापुरता.

जुलाब दोन दिवसांवर गेले, ताप चढला किंवा रक्त दिसलं तर कढण करत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. एरवी वाटीभर, गरम, घोट घोट. दुसरी वाटी मागावीशी वाटली की समजा भूक परतली. मग मऊ भात टाका.