फोन आहे, लॅपटॉप आहे, मग टॅब कशाला?

परवा एका मित्राने विचारलं की फोन आहे, लॅपटॉप आहे, मग तो टॅब का ठेवलायस अजून, विकून टाक की. तेव्हा धड उत्तर सुचलं नाही. नंतर दिवसभर जरा लक्ष ठेवलं तर लॅपटॉप दोनदा उघडला होता आणि टॅब किती वेळा उचलला ते मोजायचंच सोडून दिलं.

माझा टॅब जुना आहे, दहा इंची, सिम नाही, फक्त वायफाय. चॅटिंगचं एकही ॲप मुद्दाम टाकलेलं नाही आणि नोटिफिकेशन सगळी बंद. फोनवर एखादी गोष्ट शोधायला जावं तर वरून मेसेज टपकतो, आपण तो उघडतो आणि पंधरा मिनिटांनी आठवतं की अरे आपण काय बघायला आलो होतो. टॅबवर हे होतच नाही, कारण तिथे मला कोणी शोधत येत नाही. नुसतं नेट बघायचं यंत्र ही कल्पना तशी जुनीच, 2005 मध्ये नोकियाने 770 नावाचा इंटरनेट टॅब्लेट काढला होता, त्यात फोन करायची सोयच नव्हती, स्क्रीन जेमतेम 4 इंचांची. लोकांना तेव्हा ते विचित्र वाटलं असणार, मला आता पटतंय.

सगळ्यात जास्त वापर स्वयंपाकघरात. ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवायचा, स्क्रीन टाइमआउट वाढवायचा, नाहीतर हात पिठात असतानाच नेमकी स्क्रीन बंद पडते. ओल्या बोटाने टच नीट चालत नाही कारण बोट टेकलं की स्क्रीनवरच्या विजेत होणारा बदल तिला कळतो, पाण्यानेही तसाच बदल होतो, मग ती गोंधळते. मी सरळ झिपवाल्या पारदर्शक पिशवीत घालतो, पातळ प्लॅस्टिकवरून टच मस्त चालतो.

दुसरं म्हणजे पीडीएफ. ए4 पान फोनवर वाचायचं म्हणजे प्रत्येक ओळीला डावीकडून उजवीकडे ढकलत बसा. मध्ये वॉशिंग मशीन एरर कोड दाखवून थांबलं, मॅन्युअल कुठे ठेवलंय देव जाणे, मॉडेल नंबर टाकून पीडीएफ काढली आणि मशीनसमोर फरशीवर बसून आकृती झूम करत फिल्टर उघडला. खाली ताट ठेवा हे पुढच्या पानावर लिहिलं होतं. असो.

आई त्यावर पेपर वाचते. रीडर मोड लावून अक्षर मोठं करून दिलं की जाहिराती पण जातात, आणि चुकून कुठेतरी बोट लागून बाहेर पडू नये म्हणून सेटिंगमधून ॲप पिन करून ठेवतो, अँड्रॉइडमध्ये असतं ते.

प्रवासात नकाशा आधीच डाउनलोड करून नेला तर नेट नसलं तरी चालतो, कारण जीपीएस फक्त सॅटेलाइटचा सिग्नल ऐकतं, त्याला नेट लागत नाही. पण आपल्या टॅबमध्ये जीपीएस चिप आहे ना ते बघून घ्या, फक्त वायफायवाल्या आयपॅडमध्ये ती नसते.

एकदा मात्र चांगलाच दमवला याने. महिनाभर ड्रॉवरमध्ये पडून बॅटरी पार शून्य झाली, चार्ज करून चालू केला तर एकही साइट उघडेना, सगळीकडे कनेक्शन सुरक्षित नाही. राउटर बंद-चालू केला, पासवर्ड परत टाकला, ब्राउझर उडवून परत टाकायला निघालो होतो. तेवढ्यात कोपऱ्यात तारीख दिसली, 1 जानेवारी 1970! बॅटरी संपल्यावर घड्याळ पार मागे गेलं होतं. साइट खरी आहे हे ब्राउझरला पटवणारं एक सर्टिफिकेट असतं, त्याला या तारखेपासून त्या तारखेपर्यंत अशी मुदत असते, आणि टॅबच्या मते ती मुदत सुरू व्हायलाच अजून पन्नासेक वर्षं होती. तारीख बदलली, सगळं चालू. तेव्हापासून ड्रॉवरमध्ये टाकायचा असेल तर अर्धा चार्ज करून ठेवतो, बॅटरीलाही तेच बरं.

नुकसानीची बाजू म्हणाल तर टायपिंग. दोन ओळींचं उत्तर ठीक आहे, त्यापुढे मान दुखते आणि जोडाक्षरं तर काही विचारू नका. ही पोस्ट मोठ्या हौसेने टॅबवरच लिहायला घेतली होती, दुसऱ्या परिच्छेदाला लॅपटॉप उघडला.