शेवटची पंगत

न्हाणीघराच्या जाळीत केसांचा पुंजका दिसला की आमच्याकडे संशयितांची यादी ठरलेली असते. आधी बोअरचं पाणी. मग नवा शाम्पू. मग हेल्मेट. तिघेही निर्दोष सुटले तर "तू विचार फार करतेस" हे हुकमी निदान आहेच. तीन महिन्यांपूर्वी ताटात काय होतं, हे मात्र कोणी विचारत नाही.

केस काही वर्षं वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग दोन-तीन महिने मुळाशी नुसता बसून राहतो आणि गळतो. रोज ५० ते १०० केस असे जायचेच. पण टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण किंवा एकाएकी जेवण तोडणं असं काही झालं, की पुष्कळ केस एकदम वाढ थांबवतात. गळतात मात्र दोन-तीन महिन्यांनी, आपण ते कारण विसरलेलो असताना. वैशाखातल्या लग्नात बारीक दिसायचं म्हणून चैत्रात काकडीवर राहिलेल्या मुलीचे केस आषाढात जायला लागतात. मंगळागौरीला अंबाड्यात गंगावन घालावं लागतं आणि सगळं खापर फुटतं सासरच्या पाण्यावर.

शरीराच्या घरात केस शेवटच्या पंगतीला बसतात. हृदय, मेंदू, रक्त यांना आधी वाढायचं, उरलंसुरलं केसांना. केसांवाचून माणसाचं अडत नाही, हे शरीराला पक्कं ठाऊक असतं. आणि आपल्या घरांत शेवटच्या पंगतीला कोण बसायचं, ते काय सांगायचं! भाजी संपलेली, वरण तळाला गेलेलं, मग भाकरी आणि लोणचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. अशा बाईने केस गळतात म्हटलं, की आपण तिला तेल सुचवतो. माका, जास्वंद आणि आवळा घालून उकळलेलं.

तेलाशी माझं वैर नाही. कुणी डोकं चोळून देणार असेल तर मी हातातलं काम टाकून पाटावर बसते. पण कातडीबाहेर आलेला केस मेलेलाच असतो, त्याला वरून काय भरवणार? तो बनतो केराटिन नावाच्या प्रथिनाचा, आणि त्याचा माल पोटातून यावा लागतो. मटकीची उसळ, पिठलं, अंडं, दही, कोकणातलं सुकट. यांतलं काही रोज पोटात गेलं तर पुष्कळ झालं. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या रंगीत गोळ्या हल्ली सगळीकडे मिळतात, पण बायोटिनची कमतरता तशी दुर्मीळच. वर त्या गोळ्यांमुळे थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे चुकू शकतात. म्हणजे केस का गळतात ते शोधायला जावं, तर त्यातही घोळ.

जास्तीचं खाणंही केसांना मानवत नाही. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं हादरली. काही दिवसांत लोकांना टक्कल पडलं, त्यात लहान मुलंही होती. तिथेही पहिला संशय पाण्यावर आणि शाम्पूवरच गेला. पुढे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी, विंचूदंशावरच्या कामासाठी आपण ओळखतो ते, रेशनच्या गव्हातल्या सेलेनियम नावाच्या खनिजाच्या प्रमाणाबाहेरच्या साठ्याकडे बोट दाखवलं. सेलेनियम अंगाला लागतं, पण चिमूटभराहूनही कमी. फार झालं की केस आणि नखं दोन्ही जातात. ज्या पोळीने पोट भरायचं, तिच्यावर संशय घ्यायचा कुणाच्या मनात येणार?

आमच्या आजीने केराटिन हा शब्द ऐकलाही नव्हता, पण बाळंतिणीला अळिवाचे लाडू द्यायचे हे तिला ठाऊक होतं. अळीव निवडून नारळाच्या पाण्यात भिजत घालायचे. दोन-तीन तासांत ते टम्म फुगून बुळबुळीत होतात, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याचं तोंड वाकडं होतं. मग त्यात खोवलेला नारळ आणि गूळ घालून मंद आचेवर कढईच्या कडा सुटेपर्यंत ढवळत राहायचं. दंड भरून येतात. शेवटी जायफळ. अळिवात लोह भरपूर असतं. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळणारे केस बहुतेकींचे वर्षभरात आपोआप परत येतात, त्यामुळे लाडवांना सगळं श्रेय देता येणार नाही. तरी रक्त गमावलेल्या बाईला खास तिच्यासाठी केलेलं, तिने आधी खायचं असं काहीतरी हातात मिळायचं, हे मला त्यातल्या लोहाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

एक अडचण आहे. वनस्पतींतलं लोह अंगी लागायला जरा कुरकुर करतं. सोबत लिंबू किंवा आवळा असला तर बरं लागतं आणि चहा असला तर वाया जातं. म्हणून लाडू आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा, असं मी घरात सांगून पाहिलं. सगळ्यांनी ऐकलं. लाडू मागे ठेवले आणि चहा घेतला.