पुनर्विकासाच्या नकाशात उंबर राखताना

पुण्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेचा पुनर्विकास ठरला, तेव्हा आवारातील जुन्या उंबराचा निर्णय झाडे तोडण्याची परवानगी देणारे महापालिकेचे वृक्ष प्राधिकरण करील, अशी बहुतेक सभासदांची समजूत होती. प्रत्यक्षात तो निर्णय तळघराच्या नकाशातच होऊन जातो. वाहनतळासाठी हद्दीपर्यंत खोदाई धरली, की झाड कागदावर शाबूत दिसले तरी त्याची मुळे राहत नाहीत आणि पुढे ‘बाधित वृक्ष’ म्हणून त्याची नोंद होणे ही औपचारिकता उरते. म्हणून झाडावर नोटीस लागण्याची वाट न पाहता, विकसकाशी करारनामा होण्यापूर्वीच आम्ही काही जणांनी हा विषय विशेष सर्वसाधारण सभेत मांडला.

सभेत पक्ष्यांविषयी बोलून मते मिळत नाहीत; उपयोगी पडला तो कायदा. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम १९७५चा आहे. २०२१च्या दुरुस्तीने त्यात पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे भरपाई म्हणून लावण्याची तरतूद आली. आमची इमारत १९७४ मध्ये पूर्ण झाली, त्या वेळच्या एका छायाचित्रात उंबर दुसऱ्या मजल्याएवढा दिसतो. ते छायाचित्र आणि बुंध्याच्या घेराची नोंद सभेपुढे ठेवल्यावर, इतकी रोपे लावायची कुठे, हा प्रश्न विकसकाच्या प्रतिनिधींनीच उपस्थित केला.

माझ्या मते भरपाईचा हा हिशेबही अपुराच आहे. उंबराला वर्षातून अनेकदा थेट बुंध्यावर आणि जाड फांद्यांवर फळे लागतात, त्याचे परागीभवन एक विशिष्ट चिमुकली गांधीलमाशी करते, आणि कोकीळ, तांबट, बुलबुल यांच्यापासून वटवाघळांपर्यंत अनेकांचे पोट त्यावर चालते. रोपाला ही योग्यता येण्यास बरीच वर्षे लागतात.

वास्तुविशारदांनी अखेर त्या कोपऱ्यातील तळघराची भिंत मागे घेतली आणि कमी झालेल्या जागा यांत्रिक वाहनतळाने भरून काढल्या. दिल्लीतील झाडांभोवती एक मीटरपर्यंत काँक्रीट नसावे, असा राष्ट्रीय हरित लवादाचा २०१३चा आदेश आहे; परंतु मुळांचा पसारा फांद्यांच्या घेराबाहेरही जात असल्याने आम्ही शक्य तितकी अधिक माती उघडी ठेवण्याचा, बांधकामाच्या काळात भोवती कुंपण घालण्याचा आणि तेथे राडारोडा वा सिमेंटचे पाणी न टाकण्याचा आग्रह धरला. या अटी नकाशासह करारनाम्याच्या मसुद्यात आल्या. दर्शनी काचांवर पक्षी आदळू नयेत, या मागणीला मात्र यश आले नाही. न्यूयॉर्कमध्ये नव्या इमारतींच्या खालच्या ७५ फुटांतील बहुतेक काच पक्ष्यांना दिसेल अशीच लावावी लागते; आमच्या ठरावात अशी काच ही केवळ विनंती राहिली.

वाळक्या फांद्यांचा वाद अद्याप मिटलेला नाही. तांबट आपले बीळ अशाच मऊ झालेल्या लाकडात कोरतो, तर सभासदांना त्या फांद्या गाड्यांवर पडण्याची भीती वाटते. रस्त्याकडील फांद्या रीतसर परवानगीने उतरवाव्यात आणि मागील कुंपणाकडील, जिथे खाली वावर नाही, त्या ठेवाव्यात, असा मध्यम मार्ग मी सुचवला आहे. त्यासंबंधीचे कलम विकसकाच्या वकिलांकडे विचाराधीन आहे.