प्राणिसंग्रहालयाच्या मागच्या दारानं : पाच सकाळी

शिबिराच्या पत्रकावर वाघाच्या बछड्याचा फोटो होता. त्यामुळे १४ पैकी निदान १० मुलं तरी बछडा मांडीवर घ्यायला मिळणार, याच खात्रीनं आली होती. पहिल्या सकाळी त्यांच्या हातात दिले ते खराटे.

माझी लेक त्या दहांतलीच. मी मदतनीस पालक म्हणून गेले होते, म्हणजे पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या, मुलं मोजायची आणि मध्ये मध्ये करायचं नाही. पाच दिवस, सकाळी सात ते अकरा, वयोगट ९ ते १३. पुढच्या वेळी कुणी मुलांना अशा शिबिराला पाठवणार असेल, तर त्यांना उपयोग होईल म्हणून हे लिहितेय.

आधी बुटांबद्दल. मी सँडल घालून गेले आणि साडेसातला हत्तीच्या आवारात पस्तावले. मागचा भाग सतत धुतला जातो, त्यामुळे खाली कायम ओलं असतं. मुलांना पाऊल पूर्ण झाकणारे, घसरणार नाहीत असे जुने बूट द्या. कपड्यांचा जादा जोड पिशवीत हवाच. अत्तर, डिओ वगैरे लावून पाठवू नका. त्याचं कारण पुढे येईलच.

हत्ती दिवसाला साधारण दीडशे किलोपर्यंत खातो आणि त्यातलं निम्म्याहून जास्त न पचताच बाहेर पडतं. हे वाक्य मी आधी कुठेतरी वाचलं होतं. एकचाकी गाडी भरून ती ढकलताना ते नीट कळलं. शिबिराच्या ताईनं लगेच त्याचा खेळ केला. भरलेल्या गाडीचं वजन किती, प्रत्येकानं अंदाज सांगायचा, मग काट्यावर खरं वजन. मग हातमोजे घालून लीद फोडायची आणि आत काय काय शाबूत आहे ते शोधायचं. देठ, काड्या, सालं, अख्ख्या बिया. एक मुलगा पहिली दहा मिनिटं नाक दाबून भिंतीला टेकून उभा होता. शेवटी त्याच्या हातातली लीद काढून घ्यावी लागली, कारण त्याच्या ३१ बिया झाल्या होत्या आणि त्याला ४० करायच्या होत्या.

मला स्वतःला सगळ्यात आवडलं ते स्वयंपाकघर. भिंतीवर प्रत्येक प्राण्याचा तक्ता, त्यात ग्रॅमपर्यंत वजनं. मांसाचं टेबल वेगळं, सुऱ्या वेगळ्या, भाज्यांचे पाट वेगळे. मुलांना चिरायला फक्त गाजर आणि काकडी मिळते, तीही बोथट सुरीनं. इथला खेळ म्हणजे 'हे ताट कुणाचं?' वाढून ठेवलेल्या ताटावरून प्राणी ओळखायचा. पेंग्विनचं ताट सगळ्यांनी ओळखलं. पण माशाच्या कल्ल्यात गोळी का खोचलीय, हे कुणालाच सांगता येईना. मासे गोठवले आणि वितळवले की त्यातलं ब-१ जीवनसत्त्व कमी होत जातं, ते असं भरून काढतात. फ्लेमिंगोच्या खुराकातही रंगद्रव्य असतं. ते नसेल तर नवी पिसं फिकट येत जातात.

माकडांच्या ताटात केळं नव्हतं, यावर मात्र बंड झालं. कीपरकाकांनी समजावलं की आपण पिकवतो ती फळं आपल्या जिभेसाठी गोड केलेली आहेत, जंगलातली फळं तशी नसतात. इंग्लंडच्या पेंटन प्राणिसंग्रहालयानं २०१४ मध्ये याच कारणासाठी माकडांची केळी बंद केली होती. साखर जास्त, दात खराब, पोट खराब. 'मग चित्रांतल्या सगळ्या माकडांच्या हातात केळंच का असतं?' असं लेकीनं विचारलं. काका म्हणाले, 'चित्रातल्या माकडाला दातदुखी होत नाही.'

दुसरा आणि तिसरा दिवस मुलांनी प्राण्यांसाठी 'कोडी' बनवली. याला तिथे सगळे एनरिचमेंटच म्हणतात. प्राण्याला अन्न आयतं न देता शोधायला, सोडवायला, फाडायला लावायचं. आमच्या गटाकडे माकडांसाठी खोके होते. मुलांनी झटून काम केलं. खोक्यात खोका, मध्ये वाळलेली पानं, पानांत दाणे, बाहेरून चकचकीत चिकटपट्टी, कोपऱ्यांना स्टेपल. काकांनी पाचही खोके उचलले, उलटसुलट पाहिले आणि बाजूला ठेवले. 'ही पट्टी माकडाच्या पोटात गेली तर ऑपरेशन कोण करणार?' मुलांची तोंडं एवढीशी झाली. पण काकांनी नुसतं नाही म्हणून सोडलं नाही. एक मोडका कंगवा, एक बांगडी आणि एक पेनाचं टोपण आणून दाखवलं. पाहुण्यांच्या हातून आत पडलेल्या वस्तू. मग मैद्याची खळ शिजवून सगळे खोके पहिल्यापासून केले. छपाईचा कागद नाही, पिना नाहीत, आणि दोऱ्या नाहीत कारण गळ्यात अडकतात. दुसऱ्यांदा केलेले खोके दिसायला भिकार होते. माकडांनी ते चार मिनिटांत उघडले. एका पिल्लानं दाणे सोडून रिकामा खोकाच डोक्यात घातला आणि पुढचा अर्धा तास ते आंधळं होऊन इकडेतिकडे आपटत होतं. मुलं जाळीपासून हलायला तयार नव्हती.

बर्फाचा प्रयोग मात्र फसला. फळं घालून गोठवलेली मोठी लादी अस्वलाला दिली. त्यानं एकदा हुंगली आणि ती वितळेपर्यंत सावलीत झोपून राहिलं. नोंदीच्या तक्त्यावर हेही लिहायचं असतं: 'वापर : शून्य मिनिटं.' प्राण्यानं दुर्लक्ष केलं ही सुद्धा नोंदच.

आता अत्तर. मोठ्या मांजरांना वासांचं भारी कुतूहल. न्यू यॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात चित्त्यांसाठी चक्क बाजारातली अत्तरं वापरून पाहिली होती. आमच्याकडे वाघासाठी एका ओंडक्याला मसाल्याची पूड चोळली होती, आणि तो त्याला गाल घासत बसला होता. उद्या तुमच्या मुलाच्या शर्टाला तसाच काही वास आला, तर सकाळभर केलेल्या तयारीचा विचका. तिथे उगाच नाही म्हणत नाहीत.

चौथ्या दिवशी वाघाचं प्रशिक्षण पाहिलं. जाळीच्या या बाजूला काठी, काठीच्या टोकाला चेंडू. वाघानं नाक चेंडूला लावलं की शिटी, शिटीबरोबर मांसाचा तुकडा. असं करत करत त्याला जाळीला कूस लावून उभं राहायला शिकवलेलं. मग खालच्या फटीतून शेपूट बाहेर घेतात आणि शेपटीच्या शिरेतून रक्त काढतात. बेशुद्ध करायची गरज नाही. त्या दिवशी सुई नव्हती, फक्त सराव होता. वाघाला कंटाळा आला तर तो निघून जातो, आणि कुणी त्याला रागवत नाही. हे पाहून आल्यावर मुलांनी आपापसात शिटीचा खेळ खेळला. एकाला बाहेर पाठवायचं, बाकीच्यांनी त्यानं काय करायचं ते ठरवायचं, आणि बोलायचं नाही, फक्त शिटी. 'खुर्चीवर चढ' शिकवायला ११ मिनिटं लागली. मला 'टोपी उलटी घाल' यायला त्याहून जास्त.

हरणांचा खेळही असाच. एकानं हरीण व्हायचं, बाकीच्यांनी हळूहळू जवळ जायचं, आणि हरणाला अस्वस्थ वाटलं की त्यानं कान टवकारायचे. तिथे थांबायचं. हाइनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञानं हे 'पळ काढण्याचं अंतर' मांडलं. पिंजरा किती मोठा हवा याचा हिशोब त्या अंतराशी बांधलेला असतो. खेळानंतर खऱ्या हरणांजवळ गेलो तेव्हा १४ मुलं कुणी न सांगता थांबली.

साप हातात मिळाला नाही. कात टाकायला आला होता, डोळे दुधाळ निळसर, आणि अशा वेळी त्याला नीट दिसत नाही, तो चिडचिडा असतो. काही पालकांनी त्यावरून कुरकुर केली. मला उलट बरं वाटलं. म्हणूनच सांगते, नाव घालण्याआधी एकच प्रश्न विचारा : 'प्राण्याला नको असेल तेव्हा काय करता?' उत्तरात बछड्यासोबत हमखास फोटो असेल, तर दुसरं शिबिर शोधा.

आणखी दोन-तीन गोष्टी. मुलाला सर्दी असेल तर त्या दिवशी घरी ठेवा, आपले श्वसनाचे आजार वानरांना होतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आधीच लिहून द्या, कारण खोक्यांत दाणे असतात. कासवं-सरड्यांना हात लावल्यावर साल्मोनेलाचा धोका असतो, तेव्हा साबणानं हात धुतल्याशिवाय डब्याला हात नाही. फोन देऊ नका, आत तसाही जमा करून घेतात.

शेवटचा दिवस निसटलेल्या प्राण्याचा. तोक्योच्या उएनो आणि तामा प्राणिसंग्रहालयांत कर्मचारी प्राण्याचं सोंग घेऊन असा सराव करतात, त्याच चालीवर आमचा खेळ. मागच्या भागात दारं दुहेरी असतात. एक लावून, कुलूप ओढून पाहिल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, आणि आत शिरण्याआधी प्राणी मोजायचे. खडूनं दोन दारं आखली, एक मुलगा गेंडा, बाकीचे कीपर. पहिल्या फेरीत गेंडा ४० सेकंदांत पळाला, कारण पहिलं दार लावायची जबाबदारी माझ्यावर होती आणि मी पाण्याच्या बाटल्या मोजत होते.

ते बूट अजून बाल्कनीत आहेत. तीनदा धुतले.