डायरी आणि जिन्यातली रेघ

भाची पुण्याहून मे महिन्यात येते ना, तेव्हा आमच्या सांगलीच्या गावभागातल्या घरात दुपारी दोघींचं एकच काम, भडंगाचा डबा मधे ठेवून वाचत लोळायचं. यंदा तिने हॅरी पॉटरचा दुसरा भाग आणलेला, १९९८ चा, चेंबर ऑफ सीक्रेट्स. मी कॉलेजात असताना वाचलेला, पण सगळं विसरले होते.

वाचता वाचता मधेच उठून बसली, "मावशी, जिनी येडी आहे का गं? डायरी स्वतःहून उत्तरं लिहितीये आणि ही आपली सगळं सांगत बसलीये!"

आता जिनी म्हणजे अकरा वर्षांची पोर, सहा भावांच्या पाठची, शाळेचं पहिलंच वर्ष. पुस्तकांच्या दुकानात एका माणसाने तिच्या जुन्या पुस्तकात ती डायरी हळूच सरकवलेली, आणि डायरीतला टॉम रिडल, म्हणजे त्याच शाळेतला पन्नास वर्षांपूर्वीचा पोरगा, काय करतो तर ऐकून घेतो, बस. मधे एकदा ती नाश्त्याच्या वेळी हॅरी आणि भाऊ रॉनला सगळं सांगायला येते, तोंडापर्यंत आलेलं असतं, आणि तेवढ्यात मोठा भाऊ पर्सी येऊन बसतो आणि तिला उठवतो, त्याला वाटतं ही आपलंच काहीतरी गुपित फोडणार. रिडल तिच्याच हातून शाळेखालचं गुप्त तळघर उघडवून त्यातला मारका साप बाहेर काढतो, पण मला तर त्या सापापेक्षा हा नाश्त्याचा सीन जास्त लागला. शेवटी बाप तिलाच रागावतो, मेंदू कुठंय ते दिसत नाही त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून, बरोबरच आहे, पण अहो, वर्षभर घरातल्या कुणी विचारलं का पोरीला?

बरं, फसते ती एकटीच नाही, हॅरीपण फसतो, आणि त्याचं फसणं जास्त भारी लिहिलंय. डायरी त्याच्या हाती लागते तेव्हा रिडल त्याला जुनी आठवण दाखवतो, पण खोटं काही दाखवतच नाही. पन्नास वर्षांपूर्वी हॅग्रिडने, म्हणजे शाळेच्या आताच्या राखणदाराने, खरंच कोळी पाळलेला, रिडलने खरंच त्याला पकडलेलं. सीन शंभर टक्के खरा, फक्त तळघर हॅग्रिडने उघडलं हा त्यातून काढलेला अर्थ खोटा. धडधडीत खोटं असतं तर पोराला एखादवेळेस संशय तरी आला असता.

भाचीला हे सांगताना एकदम आमचा जिना आठवला. २००५ च्या पुरानंतर बाबांनी जिन्यातल्या भिंतीवर लाल ऑइलपेंटने रेघ मारलेली, बाजूला साल. पाणी इथवर आलेलं, ही रेघ काय खोटी नव्हती. मग २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळचं पाणी ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून गेलं तरी आम्ही निवांत, शिलाई मशीन, तांदळाचं पोतं, आईच्या साड्यांची आणि माझ्या पुस्तकांची ट्रंक, सगळं रेघेच्या वरच्या पायरीवर नीट रचून ठेवलं आणि चहा केला. शेजारच्या काकू म्हणत होत्या वर न्या गं अजून, तर आईच म्हणाली, आमच्याकडं खूण हाय की!

कृष्णामाईला कोण सांगणार खूण कुठंय ते. पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. रेघ बुडताना मी वरच्या पायरीवर बॅटरी घेऊन उभी होते, आधी साल गेलं मग रेघ, आणि ट्रंक एका बाजूनं उचलली गेली ती हळूच फिरली, भिंतीला टक् करून आपटली. पुस्तकांचा नंतर लगदा. जिनीच्या डायरीचं बघा, हॅरीच्या बॅगेत शाईची बाटली फुटते, बाकीची सगळी पुस्तकं शाईत न्हातात आणि ही मेली कोरी करकरीत!

भाची जिन्यात जाऊन बघून आली. आता तिथं दोन रेघा आहेत, वरची २०१९ ची. बाबा खाली पेपर वाचत बसलेले, त्यांनी वर न बघताच सांगितलं, "ती वरची बघ हं, आता सामान तिच्या वर ठेवायचं, मग काळजी नाही."

भाचीने माझ्याकडं बघितलं. मी भडंगाचा डबा तिच्याकडं सरकवला.